डास, बेअरिंग आणि फर्स्ट इयर

परवा कॅन्टीनमध्ये एका नवीन मुलीनं आम्हाला विचारलं, "ताई, फर्स्ट इयरला तुम्ही नक्की काय काय शिकलात?" आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघितलं. शिकलेलं एकीलाही आठवेना. किस्से मात्र एकेकीच्या तोंडात इतके गोळा झाले की चहा गार झाला. किस्स्यांचं असंच असतं. ठरवून कुणी जमवत नाही. घरात रिकामे डबे साठतात तसे साठत जातात, आणि एक दिवस माळा उघडला की सगळे एकदम अंगावर येतात.

आधी तिघींची ओळख करून देते. मी ऋतुजा, येवल्याची. आमच्या घरी पैठणीचा माग आहे, बाबा आणि आई दोघंही विणतात. कल्याणी सटाण्याकडची, तिच्या वडिलांची डाळिंबाची बाग आहे. आम्ही दोघी हॉस्टेलला एकाच खोलीत. तिसरी मेघना, नाशिक रोडची. तिचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये कामाला, मोठा भाऊ ओझरच्या विमानाच्या कारखान्यात. ती रोज घरून ये-जा करायची आणि आमच्यासाठी डबा आणायची. मैत्रीची सुरुवात डब्यापासूनच झाली, ते लपवण्यात अर्थ नाही.

*

कल्याणीची अ‍ॅडमिशन अगदी शेवटच्या राउंडला झाली. ती आली तेव्हा आमचं कॉलेज सुरू होऊन आठवडा उलटला होता. आमच्या कॅम्पसमध्ये एकसारख्या पिवळ्या रंगाच्या तीन बिल्डिंगा आहेत. पहिल्या दिवशी तिनं गेटवर विचारलं, "फर्स्ट इयर कुठं बसतं?" वॉचमननं बोट दाखवलं. ती गेली आणि बसली.

संध्याकाळी खोलीवर ती मला म्हणाली, "माझी बहुतेक बी डिव्हिजन आहे." माझी ए होती. त्यामुळं दिवसभर ती दिसत नाही याचं मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पांढरा अ‍ॅप्रन घेऊन आली. आमचा वर्कशॉपचा अ‍ॅप्रन खाकी होता. मला वाटलं, बी डिव्हिजनचा वेगळा असेल. चौथ्या दिवशी तिला क्लासची सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, केलं. वर्गात प्रश्न विचारणारी ती एकटीच होती म्हणे. मला जरा हेवाच वाटला.

सहाव्या दिवशी ती खूश होऊन आली. पलंगावर बसली, पाय हलवत म्हणाली, "ऋतुजा, उगाच लोकं घाबरवतात. आज खलबत्त्यात गोळ्या कुटल्या. इंजिनिअरिंग एवढं काही अवघड नाही."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तिच्याबरोबर फार्मसीच्या ऑफिसात गेले. तिथल्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, यादी तपासली, आणि कल्याणीला म्हणाल्या, "जा बाळा, पण सीआरचा चार्ज कुणाला तरी देऊन जा." तिनं रीतसर दिला. फार्मसीची ती मुलं आज तिसऱ्या वर्षाला आहेत. अजून गेटवर भेटली की तिला सीआर म्हणूनच हाक मारतात.

*

ड्रॉइंगच्या शीट न्यायला एक लांब, गोल प्लास्टिकचा कंटेनर असतो. पट्ट्यानं खांद्याला अडकवायचा. पहिल्यांदा तो घेऊन मी घरी गेले आणि रविवारी संध्याकाळी येवल्याहून एसटीनं परत निघाले. शेजारी एक मावशी बसल्या होत्या. निफाडपर्यंत त्या नुसत्या कंटेनरकडं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "येवल्याचीच ना गं तू? पैठणी हे का त्याच्यात?"

मी म्हटलं, "नाही मावशी, कॉलेजचा कागद आहे."

"आता अशी गुंडाळून देत्यात का? घडी पडत नसंल."

मी दोनदा सांगून बघितलं. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी मी झाकण काढलं, शीट बाहेर ओढली आणि मांडीवर उलगडून दाखवली. लोखंडी ब्रॅकेटचे तीन व्ह्यू, चारी बाजूंनी बॉर्डर, कोपऱ्यात माझं नाव. मावशींनी चष्मा लावला, शीट वरपासून खालपर्यंत बघितली, बॉर्डरवरून बोट फिरवलं.

"काठ चांगला हे," त्या म्हणाल्या. "पदर कुठंय?"

*

वर्कशॉपला आम्हाला गांगुर्डे मामा होते. पद इन्स्ट्रक्टरचं, पण सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. फिटिंगचा पहिला जॉब म्हणजे लोखंडाची चौकोनी पट्टी, पन्नास बाय पन्नास मिलिमीटर. कानशीनं घासून तिच्या चारी बाजू काटकोनात आणायच्या. गुण्या लावून उजेडात धरायचं, फट दिसली नाही की काम झालं.

आता माझा प्रॉब्लेम घरातून आलेला. आमच्याकडं काठ एका धाग्यानं सरकला तर बाबा जेवत नाहीत. मी एक बाजू घासली. गुण्या लावला. केसाएवढी फट दिसली. ती घालवायला शेजारची बाजू घासली, तर समोरची बिघडली. मी समोरची घासली. बाकीच्या मुलींचे जॉब दुसऱ्या आठवड्यात जमा झाले. मी घासत होते. तिसऱ्या आठवड्यात व्हाइसच्या जबड्यात माझी पट्टी पकडता येईना, कारण पकडायला काही उरलंच नव्हतं. कल्याणी येऊन बघायची आणि मान हलवत निघून जायची.

चौथ्या आठवड्यात मी समाधानानं जॉब मामांच्या तळहातावर ठेवला. तो कॅरमच्या सोंगटीपेक्षा लहान झाला होता. मामांनी गुण्या लावला. खिडकीशी गेले. चारी कोपरे तपासले. परत आले.

"काय काटकोन आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या अख्ख्या नोकरीत असा काटकोन नाही बघितला." मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं. "पण जॉब कुठाय?"

मापाला शून्य मिळाले, काटकोनाला पैकीच्या पैकी. तो तुकडा त्यांनी परत दिला नाही. अजून तो त्यांच्या खिशात असतो आणि त्याला लावून ते इतरांचे जॉब तपासतात.

*

हा किस्सा मेघना सांगते तेव्हा जास्त रंगतो, पण खरा तो माझाच आहे.

कम्युनिकेशन स्किल्सला कुलकर्णी मॅडम होत्या. पहिलंच प्रॅक्टिकल असं की वर्गापुढं येऊन इंग्रजीत पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं. माझी दहावी मराठी माध्यमातली. पाच मिनिटं सोडाच, माझ्याबद्दल माझ्याकडं इंग्रजीत दोनच वाक्यं होती. मी मेघनाला म्हटलं, "तू तुझं भाषण लिहून दे, मी नमुना म्हणून बघते." तिनं दिलं. मी ते इतकं घोटलं की झोपेतही येईल.

माझा नंबर आधी आला. मी उभी राहिले, समोर साठ चेहरे दिसले आणि नमुना सुरू झाला. माझे वडील प्रेसमध्ये आहेत. माझा भाऊ ओझरला विमानाच्या कारखान्यात आहे. मी लहानपणापासून नाशिक रोडला राहते. खाली बसल्यावर मला कळलं, मी काय केलंय. मागच्या बाकावर मेघना पांढरीफटक पडली होती. पुढचा नंबर तिचा होता.

ती बिचारी काय करणार. उभी राहिली आणि म्हणाली, ती येवल्याची आहे, तिचे वडील पैठणी विणतात, आणि मोराची मान विणायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हे सगळं तिनं माझ्याकडूनच ऐकलं होतं.

मॅडम भारावल्या. म्हणाल्या, "आज पहिल्यांदा दोन मुली मनापासून बोलल्या." दोघींना दहापैकी दहा.

इथं हे संपायला हवं होतं. पण जानेवारीत मॅडमच्या भाचीचं लग्न ठरलं. त्या मेघनाला म्हणाल्या, "रविवारी आम्ही तुझ्या घरी येतो, पैठणी तुझ्या वडिलांकडूनच घ्यायची."

मी रडकुंडीला येऊन बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. बाबांनी माग थांबवला. मग म्हणाले, "गिऱ्हाईक खरं आहे ना? मग पोरगी कुठलीही चालेल."

रविवारी माझ्या धाकट्या भावानं दारावरच्या आडनावाच्या पाटीवर टॉवेल वाळत टाकला. मी मेघनाची मैत्रीण म्हणून माझ्याच घरात पाहुणी बसले. आईनं मला पाण्याचा ग्लास ट्रेमधून दिला आणि "लाजू नकोस हं, घर तुझंच समज," म्हणाली. ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. आतून मेघना सारखी विचारत होती, "आई, साखर कुठंय?" आणि मग, "आई, गॅस कसा पेटतो?"

मॅडमना साडी आवडली. मग त्या मागापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मेघना, जरा बसून दाखव ना."

मेघनानं बाबांकडं बघितलं. बाबांनी उभ्या उभ्या एक प्रथा तयार केली. म्हणाले, "घरात पाहुणे असले की आमच्या मुली मागावर बसत नाहीत."

"किती छान," मॅडम म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्याकडं गेली. "पण ऋतुजा तर पाहुणीच आहे. बस गं, तुला असा चान्स परत कधी मिळायचा?"

मी बसले. अडाण्यासारखं करायचं मनात ठरवलं होतं. पण हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं. पायाखाली मागाची पायसर आली, हातात धोटा आला, आणि भान आलं तेव्हा चार ओळी विणून झाल्या होत्या. बाबा छताकडं बघत होते.

मॅडम पुढं आल्या, त्यांनी त्या ओळींवरून हात फिरवला. मग मेघनाकडं वळल्या. "बघ. वडील प्रेसमध्ये, भाऊ कारखान्यात, तरी एका बैठकीत शिकली. आणि तुझ्या घरात माग असून तुला साधा चहासुद्धा धड जमत नाही."

*

ड्रॉइंगमध्ये एक प्रकार असतो, त्याला जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, म्हणतात. काचेवर दुसऱ्याची शीट ठेवायची, वर आपली कोरी शीट, खालून उजेड, आणि रेघेवर रेघ मारायची. चुकीचंच आहे, पण सबमिशनच्या आठवड्यात चूक-बरोबर कुणाला सुचतं.

आमच्या बॅचच्या तेरा मुली हॉस्टेलला होत्या. शीट समजलेली एकटी मेघना. रविवारी दुपारी तिची शीट आमच्या खोलीत आली. खिडकीला चादर बांधली, टेबलाची काच दोन खुर्च्यांवर आडवी टाकली, खाली दोन मोबाईलचे टॉर्च लावले. सगळ्यात आधी कल्याणीची शीट. ती काढत असताना तिच्याच शीटवर, ब्रॅकेटच्या फ्रंट व्ह्यूवर, एक डास येऊन बसला. कल्याणीनं तो स्केलनं मारला आणि पुढची रेघ मारायला घेतली. पुसायचा राहिला.

त्यानंतर शीट हातोहात फिरत गेली. आधी एक-दोघींनी कल्याणीच्या शीटवरून काढलं, मग सगळ्यांनी घाईत एकमेकींच्या शीटवरून.

सोमवारी आमचे ड्रॉइंगचे खैरनार सर शीट तपासायला बसले. तीन-चार शीट झाल्या आणि ते थांबले. सगळ्या शीट मागवल्या आणि लांब टेबलावर ओळीनं मांडल्या. मध्ये मध्ये दोन शीटची अदलाबदल केली. मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं.

कल्याणीच्या शीटवर ब्रॅकेटच्या भोकाच्या डाव्या बाजूला सहा बारीक पाय असलेला एक ठिपका होता. तिसऱ्या शीटवर पाय सरळ झाले होते. पाचव्या शीटवर ठिपक्याभोवती कुणीतरी कंपासनं वर्तुळ काढलं होतं. आठवीवर आत अजून एक वर्तुळ. दहाव्या मुलीला वाटलं असणार की फ्रंट व्ह्यूत आहे आणि टॉप व्ह्यूत नाही, म्हणजे आपलंच राहिलं. तिनं खालच्या व्ह्यूमध्ये तो तुटक रेघांनी दाखवला होता. तेराव्या शीटवर त्याला माप दिलेलं होतं.

सरांनी पहिल्या शीटवर पेन्सिल टेकवली. "इथं डास आहे." मग चालत चालत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले. "आणि इथं बेअरिंग आहे."

त्यांनी स्केल लावून त्याचं माप ताडून बघितलं. मग म्हणाले, "बसतंय पण बरोबर." आणि सगळ्या शीट परत काढायला लावल्या.

*

आता शेवटचा. हा सांगताना कल्याणी उठून जाते, म्हणून तिच्या पाठीमागंच सांगावा लागतो.

गणिताला आम्हाला देवरे सर होते. विद्वान माणूस, पण ते वर्गाशी बोलायचेच नाहीत. फळ्याशी बोलायचे. उजव्या हातानं लिहायचे, डाव्या हातानं पुसायचे. पूर्ण फळा एकदम आम्ही कधी बघितलाच नाही. पहिल्या टेस्टला कल्याणीला तीसपैकी दोन मिळाले. बारावीला गावात पहिली आलेली ती मुलगी. चार दिवस ती जेवली नाही. पाचव्या दिवशी कॉरिडॉरमध्ये घरी फोन लावून रडत म्हणाली, "आप्पा, माले घर लई चाल." मला घरी घेऊन चल.

आप्पा म्हणजे तिचे वडील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डाळिंबाचे कॅरेट वाहायची पिकअप घेऊन हजर. रागावले नाहीत, समजावलं नाही. गादी गुंडाळली, पेटी गाडीत टाकली. रेक्टर म्हणाल्या, कॉलेज सोडायच्या अर्जावर क्लास टीचरची सही आणा. क्लास टीचर होते देवरे सर, आणि ते लेक्चर संपल्याशिवाय कुणाला भेटत नसत. म्हणून कल्याणी शेवटच्या लेक्चरला बसायला माझ्याबरोबर वर आली. तिच्याजवळ वहीसुद्धा नव्हती, ती पेटीत गेली होती. आप्पांना आम्ही खाली गाडीपाशी थांबायला सांगितलं.

त्या आठवड्यात कॉलेजात तपासणीसाठी कुठलीशी समिती येणार होती. जिन्यात कुंड्या आल्या होत्या, शिपायांना नवीन बूट मिळाले होते. समितीतली माणसं कधी येतील आणि कशी दिसतात, हे कुणालाच माहीत नव्हतं.

लेक्चर सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. आप्पांना खाली करमेना. पांढरा सदरा, पांढरी टोपी, खिशाला पेन आणि बगलेत कल्याणीच्या कागदपत्रांची फाइल, असे ते विचारत विचारत वर आले. शिपायानं त्यांना बघितलं, ताडकन उभा राहिला आणि वर्गाचं मागचं दार उघडून आत घेतलं.

दाराचा आवाज झाला. देवरे सर वळले. त्यांचा चेहरा समोरून असा आम्ही पहिल्यांदाच बघितला.

"या या, बसा ना," सर म्हणाले.

आप्पा शेवटच्या बाकावर बसले आणि त्यांनी फाइल समोर ठेवली. कल्याणी माझ्या दंडाला धरून बसली होती.

सरांनी सगळा फळा पुसला. दोन्ही हातांनी पुसला. मग आमच्याकडं तोंड करून म्हणाले, "परत सुरुवातीपासून बघू. समजा, आपण एका डोंगरावर उभे आहोत." त्यांनी डोंगर काढला. पूर्वेकडं चाललं तर चढ किती, उत्तरेकडं चाललं तर किती. एका दिशेचा विचार करताना दुसरी तशीच धरून ठेवायची, याला पार्शल डिफरन्सिएशन म्हणतात. एवढंच होतं ते. दीड महिना आम्ही ज्याला घाबरत होतो, ते एवढंच होतं.

"समजतंय ना?" सरांनी विचारलं. विचारताना ते मागच्या बाकाकडं बघत होते.

आप्पा खरं बोलणारा माणूस. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

सरांना घाम फुटला. त्यांनी डोंगर पुसला आणि शेत काढलं. दोन बाजूंना उतार असलेलं शेत.

आप्पा पुढं सरकून बसले. "मग पाणी कुठं जाईल?" त्यांनी विचारलं.

सर उत्तर देणार, एवढ्यात माझा दंड सुटला. कल्याणी उभी राहिली होती. "दोन्ही उतार मिळून जिकडं जास्त होतो तिकडं," ती म्हणाली. सर म्हणाले, "बरोबर. ये, काढून दाखव." ती फळ्यापाशी गेली. दोनदा अडखळली, पण गणित पूर्ण सोडवून परत आली.

बेल झाली. सर हात जोडून शेवटच्या बाकापाशी गेले. "काही सूचना असतील तर..."

आप्पांनी क्षणभर विचार केला. "बाकी चांगलं शे," ते म्हणाले. "पण भिंतीले शिकाडू नका. तिले परीक्षा नही."

सरांनी ते वाक्य डायरीत लिहून घेतलं.

जिन्यात आप्पा अर्ज चाचपत होते. "सही ऱ्हायनी ना," ते म्हणाले. सही राहिली की.

कल्याणी म्हणाली, "ऱ्हाऊ दे." चार पायऱ्या ती उतरली. मग थांबली. "आप्पा, मंगळवारे येशी का परत? इंटिग्रेशन शे."

आप्पांनी गादी खांद्यावर घेऊन परत वर नेऊन टाकली. मंगळवारी ते आले. टोपीला कडक इस्त्री होती.